कुकरची मूठ वितळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात, शहराच्या पानावर, सोसायट्यांमधून प्लास्टिक गोळा करण्याच्या मोहिमेची बातमी होती. काम चांगलं आहे. आमच्या सोसायटीनेही जिन्याखाली पोतं ठेवलंय. पण बातमीत जी यादी दिली होती, तीत दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या बाटल्या, तुटक्या खुर्च्या यांच्याच रांगेत कुकर-तव्याच्या मुठी आणि जुनी इलेक्ट्रिकची बटणं हेही होतं. आणि पुढे लिहिलं होतं की हे सगळं वितळवून त्यातून नव्या वस्तू तयार होतील. बाकीच्यांचं होईल. कुकरची मूठ आणि ती काळी बटणं यांचं होणार नाही. ती बॅकेलाइट नावाच्या कडक प्लास्टिकची असतात आणि बॅकेलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी 1984 ते 2015 अशी 31 वर्षं बॅकेलाइटचं काम केलं. पहिली तीन वर्षं कानशीवर होते, पुढे प्रेसवर. किती मुठी, किती होल्डर, किती बटणांचे तळ माझ्या हातून निघाले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पण आजही कुणाच्या स्वयंपाकघरात गेले की आधी माझी नजर कुकरच्या मुठीवर जाते. कडेची पापडी नीट काढलीय का, स्क्रूच्या भोकापाशी चीर आहे का, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कानशीचं काम बहुतेक आम्ही बायकाच करायचो. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, तिथून थोडा माल बाहेर येतो आणि पातळ पापडीसारखा कडेला चिकटून राहतो. ती पापडी कानशीने घासून काढायची, नगावर पैसे. दिवसभरात बोटांच्या पेरांत तपकिरी भुकटी बसायची. ती साबणाने निघत नसे, खोबरेल तेल चोळलं की थोडी सुटायची. काहींच्या मनगटांवर पुरळ उठे. वर्कशॉपमध्ये हवा खेचून घेणारा पंखा असा नव्हता, दार उघडं असायचं तेवढंच. तोंडाला पदर बांधून आम्ही बसायचो. आज मागे वळून पाहताना याचा राग येतो, कारण त्या भुकटीचा आणि वाफेचा शरीराला त्रास होतो हे जगाला तेव्हाही माहीत होतं.

प्रेसवर गेले तेव्हा माल कसा होतो ते कळलं. पावडर गोणीतून यायची, रंगाने काळी किंवा चॉकलेटी, हाताला बारीक रव्यासारखी. तिच्यात राळ असते आणि निम्म्याच्या आसपास लाकडाचा अगदी बारीक भुसा. भुसा नसेल तर वस्तू काचेसारखी ठिसूळ होईल. ती मापाने घ्यायची, 160-170 अंशांपर्यंत तापलेल्या साच्यात टाकायची आणि प्रेस मिटायची. लगेच एकदा किंचित उघडायची, आतला वायू सोडायचा, आणि परत दाबायची. आम्ही त्याला ब्रीदिंग म्हणत असू, म्हणजे साच्याला श्वास घेऊ द्यायचा. त्या क्षणी जो भपकारा येतो तो शब्दांत सांगणं अवघड आहे. लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा. तापल्या पातेल्यात तो नवसागर टाकायचा तेव्हा डोळ्यांत जे झोंबायचं, त्याच्या जवळपासचं काहीतरी, वर कार्बोलिक साबणाचा वास मिसळलेला. हा वास केसांत बसतो. माझी मुलगी लहान होती तेव्हा मी जिना चढतानाच तिला कळायचं की आई आली.

मग थांबायचं. पातळ बटण असेल तर मिनिटभर, जाड मूठ असेल तर काही मिनिटं. या वेळात आत पावडर आधी मऊ होते, साच्याच्या कानाकोपऱ्यात पसरते आणि मग तिथेच कायमची घट्ट होते. उघडल्यावर मूठ गरम असतानाच कडक असते. शेजारच्या वर्कशॉपमध्ये बादल्यांचं प्लास्टिक चालायचं. त्यांना साचा गार करावा लागे, नाहीतर बादली वाकडी निघे. आमचा साचा दिवसभर तापलेलाच.

आमच्या फोरमनना आम्ही सगळे दादा म्हणायचो. प्रेसवरच्या पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "वहिनी, ही भाकरी आहे. गूळ नाही. गुळाचा परत पाक होतो. भाकरी भाजली की तिचं परत पीठ होत नाही, एवढं लक्षात ठेवा." तीन महिन्यांत त्याची प्रचीती आली. साच्याचा थर्मोस्टॅट अडकला होता. साचा पुरेसा तापलेला नाही हे माझ्या ध्यानात आलं नाही आणि मी नेहमीच्या वेळेला मुठी काढत गेले. वरून चकचकीत दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी दादांनी दोन मुठी उकळत्या पाण्यात टाकल्या, अर्ध्या तासाने काढल्या तर चकाकी गेलेली आणि एकीवर फोड आलेला. 460 मुठी बाद झाल्या. बादलीवाल्यांचा माल बाद झाला तर ते ग्राइंडरमध्ये घालून दळायचे आणि दुपारपर्यंत त्याच्या बादल्या करून टाकायचे. आमच्या 460 मुठी मागच्या पिंपात गेल्या, आणि पिंप भरलं की टेम्पोतून कुठेतरी गेलं. त्या वेळी मी विचारलं नाही की कुठे.

संपादक महाशय, बॅकेलाइटचा जन्मच या गुणासाठी झाला, म्हणून त्याची हकीकत थोडी लिहिते. माझी मुलगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. निवृत्तीनंतर तिला प्रश्न विचारून आणि तिने आणून दिलेलं हळूहळू वाचून मी हे जमवलंय. आणि या हकीकतीत माझं माहेरही येतं.

माझं माहेर झाडीपट्टीतलं, आताचा गोंदिया जिल्हा, आमच्या वेळी तो भंडाऱ्यातच होता. माझे आजोबा पळसावर लाख धरायचे. लाखेच्या किड्यांनी भरलेल्या डहाळ्या कापून त्या दुसऱ्या पळसांच्या कोवळ्या फांद्यांना बांधायच्या. त्यातून मुंगीहूनही बारीक लालसर किडे निघतात, नव्या फांदीवर पसरतात, रस पितात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. काही महिन्यांनी फांदीवर खरबरीत जाड साल चढल्यासारखी दिसते, तीच लाख. आजोबा विळ्याने ती खरवडायचे आणि आम्ही पोरं खाली पडलेले तुकडे वेचायचो. आजी त्यातला तुकडा विस्तवावर धरून विळ्याची सैल झालेली मूठ पुन्हा बसवायची. लाख आंच लागली की मऊ, गार झाली की घट्ट, पुन्हा पुन्हा. ती पेटतेही चटकन. वारणावतात पांडवांसाठी घर बांधायला दुर्योधनाने लाखच का निवडली, हे आम्हाला आजीच्या चुलीपुढे बसूनच कळलं होतं.

हीच लाख शुद्ध करून तिचा चपडा होतो, आणि तो भारतातून जगभर जायचा. सुतारांच्या पॉलिशला लागायचाच, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला विजेचा प्रसार झाला तेव्हा त्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. तारा, कॉइल, बटणं यांतून वीज भलतीकडे जाऊ नये म्हणून मध्ये काहीतरी रोधक लागतं, आणि लाख वीज अडवते. मागणी वाढत गेली. पण किडे काही मागणी बघून जास्त लाख करत नाहीत. शिवाय मोटर तापली की लाख मऊ पडणार. म्हणून अमेरिकेतले लोक लाखेला पर्याय शोधू लागले.

त्यांत एक होते लिओ बेकलँड. 1863 साली बेल्जियममधल्या गेंट शहरात जन्म, वडील चांभारकाम करायचे, आई लोकांच्या घरी काम करायची. आईने हट्ट धरून शिकवलं आणि विसाव्या-एकविसाव्या वर्षी ते डॉक्टरेट होऊन बसले. प्राध्यापकांच्या मुलीशी लग्न केलं, 1889 साली अमेरिकेला गेले आणि तिथेच राहिले. आधी त्यांनी वेलॉक्स नावाचा फोटो छापायचा कागद काढला, तो कृत्रिम उजेडातही छापता यायचा. 1899 साली कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांनी तो विकत घेतला आणि बेकलँड श्रीमंत झाले. न्यूयॉर्कजवळ यॉंकर्सला हडसन नदीच्या काठी घर घेऊन तिथेच त्यांनी प्रयोगशाळा उभी केली.

त्यांनी निवडले ते दोन पदार्थ अगदी साधे. एक फिनॉल, म्हणजे कार्बोलिक ॲसिड, जे दगडी कोळशाच्या डांबरातून मिळायचं. दुसरा फॉर्माल्डिहाइड, ज्याचं पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक टिकवायला वापरतात. ही दोन एकत्र केली की राळ होते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फोन बायर यांनी 1872 सालीच पाहिलं होतं. पण ते रंगांच्या मागे होते. भांड्याला चिकटून बसलेला, कशातही न विरघळणारा तो गोळा त्यांना नकोसा होता. त्यांच्यानंतरही अनेकांनी हात घातला. अडचण एकच होती. दोन पदार्थ भिडले की पाणी आणि वाफ सुटते, सगळं फेसाळतं आणि हाती येतो स्पंजासारखा, फुग्याफुग्यांचा कचरा. म्हणून सगळे मंद आंचेवर काम करायचे.

बेकलँड यांनी उलट केलं. आंच वाढवली आणि वरून दाब दिला, म्हणजे वाफेला फुगे करायला जागाच राहिली नाही. त्यांनी त्यासाठी अंड्याच्या आकाराचं एक जाड लोखंडी भांडं केलं, त्याला ते बेकलायझर म्हणायचे. ते भांडं आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे. मुलीने मला त्याचा फोटो दाखवला तेव्हा मी किती तरी वेळ बघत बसले. झाकण, बोल्ट, दाब दाखवणारं घड्याळ. आपला कुकरच की. आमची प्रेसही त्याच जातीची: आंच आणि दाब, दुसरं काही नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने जे एका भांड्यात केलं, ते मी भोसरीत रोज शेकडो वेळा करत होते आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

आंच-दाबाच्या पेटंटसाठी त्यांनी जुलै 1907 मध्ये अर्ज केला, फेब्रुवारी 1909 मध्ये न्यूयॉर्कला रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत जाहीर केलं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पेटंट मिळालं आणि 1910 साली कंपनी सुरू झाली. याआधी सेल्युलॉइड होतं, कंगवे आणि सिनेमाच्या फिती त्याच्या व्हायच्या, पण त्याचं मूळ कापसात, म्हणजे झाडातच. बॅकेलाइटची राळ मात्र निसर्गात कुठेच नव्हती. माणसाने पूर्णपणे घडवलेलं पहिलं प्लास्टिक ते हे. कंपनीचं बोधवाक्यच होतं, हजार उपयोगांचा पदार्थ. 1924 साली टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बेकलँड झळकले. 1939 साली कंपनी युनियन कार्बाइडकडे गेली, जे नाव आपल्याला पुढे भोपाळमुळे कळलं. 1944 साली बेकलँड वारले.

इथे एक दुरुस्ती करते, कारण आपल्याच पुरवणीत कधीतरी वाचलं होतं की बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या बॅकेलाइटच्या होत्या. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या त्या तबकड्या लाखेच्याच असायच्या, लाखेत दगडाची पूड आणि काजळी घालून. म्हणून तर त्या हातातून पडल्या की फुटायच्या आणि उन्हात ठेवल्या की वाकायच्या. आमच्या झाडीतल्या पळसांचा त्यात वाटा असेल असं मला आपलं वाटतं.

बॅकेलाइटच्या वस्तूंबद्दल किती लिहू! आमच्या गावच्या पोस्टातला काळा फोन: रिसीव्हर उचलला की हाताला वजन लागायचं, डायल फिरवताना बोटाला गार स्पर्श. भोसरीत आले तेव्हा घरमालकांकडे चॉकलेटी पेटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, गोल खांद्यांचा. तासभर चालला की वरून हात ठेवला तर ऊबदार लागायचा, पण पेटी कधी वाकली नाही. भिंतीवरची काळी गोल बटणं, त्यांचा तो खटका. छतापासून लोंबणारे होल्डर. इस्त्रीची मूठ. मोटारीच्या डिस्ट्रिब्युटरची टोपी. काळा आणि चॉकलेटी हेच रंग का, असं मला कोणीही विचारतं. राळ मुळात तपकिरी असते आणि उजेडाने आणखी गडद होत जाते, त्यामुळे पांढरं किंवा गुलाबी करायला गेलं तर टिकत नाही. पांढरी बटणं आली ती युरियाच्या पावडरीची. ती बॅकेलाइटची चुलत बहीण, आणि मेलामाइनची ताटं ही दुसरी चुलत बहीण. या दोघीही वितळत नाहीत, हेही त्या बातमीत यायला हवं होतं.

जुन्या वस्तू गेल्या म्हणून बॅकेलाइट गेलं असंही नाही. ते फक्त दिसेनासं झालंय. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो, त्याची वरची चकाकी मेलामाइनची, पण खालचे तपकिरी कागदाचे थर याच राळेत भिजवून, आंच-दाबाखाली एकजीव केलेले असतात. वायरमन ज्याला हायलम शीट म्हणतात तीही हीच. चांगल्या मरीन प्लायचा तुकडा कापला की थरांमध्ये गडद कॉफी रंगाची रेघ दिसते. तो गोंद फिनॉलचाच, आणि 72 तास पाण्यात उकळूनही थर सुटता कामा नयेत अशी त्याची परीक्षा असते. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत वाळूच्या दाण्यांना ही राळ चोळून पातळ शेल करतात आणि त्यात लोखंड ओततात. बिलियर्ड्सचे चेंडू हिचे, ब्रेकच्या लायनरमध्ये ही. आणि मुलीने सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला: 2006 साली अमेरिकेचं स्टारडस्ट यान धूमकेतूची धूळ घेऊन पृथ्वीवर परतलं, तेव्हा हवेत शिरताना त्याला जळण्यापासून वाचवणारी ढाल कार्बनच्या धाग्यांत हीच राळ मुरवून केलेली होती. आपल्या इस्रोच्या घन इंधनाच्या रॉकेटांच्या नॉझलमध्येही कार्बन आणि फिनॉलिकचं अस्तर असतं. ही राळ वितळून वाहत नाही. ती वरून कोळसा होत जाते आणि तो कोळसा आतल्याला राखतो. कुकरची मूठ गॅसच्या ज्योतीपाशी गेली तर ती टपकत नाही, नुसती करपते, ते याच कारणाने.

आता मूळ मुद्द्यावर येते.

ही मूठ प्लास्टिकच्या पोत्यात गेली की काय होतं? वर्गीकरण केंद्रातल्या ताई ती काळी दिसते म्हणून काळ्या प्लास्टिकच्या ढिगात टाकतात. ढीग दळणाऱ्याकडे जातो. बादल्यांच्या मालात बॅकेलाइटचे खडे गेले तर ते वितळत नाहीत, मशीनच्या जाळीत अडकतात, आणि पूर्ण घाणा खराब होतो. म्हणून अनुभवी भंगारवाला मुठी घेतच नाही. आमच्या नाक्यावरचे भंगारवाले काका आतली पितळेची खीळ हातोड्याने फोडून काढून घेतात आणि बाकी कोपऱ्यात लोटतात. त्यांचा दोष नाही, त्यांना त्याचं मोल शून्य.

आणि कोपऱ्यातलं जाळलं जातं. या जानेवारीत आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर संध्याकाळी धूर उठला. शेजारी म्हणाले, कोणीतरी टायर जाळतंय. मी खिडकी उघडली आणि पहिल्या श्वासाला ओळखलं. ब्रीदिंगच्या वेळचा तोच वास, पण कितीतरी पट जास्त, आणि घशाशी आग. खाली जाऊन पाहिलं तर चिंध्या आणि बॉक्सच्या खाली पापडीचा आणि तुटक्या मुठींचा ढीग, पोत्यावारी. कुठल्यातरी वर्कशॉपचा माल होता. कुणाचा ते मला माहीत नाही आणि नाव घ्यायचंही नाही. तिथे उभी असताना मला आमच्या मागच्या पिंपाची आठवण झाली. इतकी वर्षं तो टेम्पो कुठे जात होता ते मला तिथे कळलं. प्लॉटला लागून पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यांत तान्ही मुलं आहेत. बॅकेलाइट असं अर्धवट जळतं तेव्हा फिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि बरंच काही हवेत सुटतं, आणि फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 पासून माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलंय. आम्ही बादल्यांनी पाणी मारून ते विझवलं. दोन दिवस माझा आवाज बसला होता.

यावर उपाय नाही असं नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत थर्मोसेट प्लास्टिकचा वेगळा उल्लेख आहे. न वितळणाऱ्या या जातीला थर्मोसेट म्हणतात. त्याची विल्हेवाट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लावायची आहे, आणि त्यातला मुख्य मार्ग सिमेंटच्या भट्टीचा आहे. तिथली आंच 1400 अंशांच्या वर असते. भाकरी करपत ठेवल्यासारखं अर्धवट जळणं तिथे होत नाही. त्याची उष्णता कामी येते आणि राख सिमेंटमध्येच जिरते. दुसरं म्हणजे पापडी बारीक दळून थोड्या प्रमाणात नव्या पावडरीत भुशाच्या जागी घालता येते. आमचे दादा हे करून बघायचे, पण दळायचं यंत्र आणि धूळ धरायची सोय एका लहान वर्कशॉपला परवडत नाही. दहा-वीस वर्कशॉप मिळून एक यंत्र ठेवलं तर जमेल.

म्हणून माझी विनंती अशी की त्या बातमीची दुरुस्ती छापावी. मुठी, होल्डर, जुनी काळी-पांढरी बटणं, मेलामाइनची ताटं ही वेगळ्या पिशवीत द्यावीत आणि त्या पिशवीवर तसं लिहावं, एवढं सोसायट्यांना सांगितलं तरी पुष्कळ. घरात कोणी जुनी काळी बटणं किंवा रेडिओ सांभाळून ठेवला असेल तर ठेवावा, जरूर ठेवावा, पण हौसेने त्याला कानस किंवा ड्रिल लावू नये. आंच सोसण्यासाठी जुन्या काही मालात लाकडाच्या भुशाऐवजी ॲस्बेस्टॉस घालत असत, आणि त्याची भुकटी छातीत जाणं फार वाईट. ओल्या फडक्याने पुसावं, थोडं मेण लावावं. आणि कुकरची मूठ हलायला लागली तर कुकर टाकू नका, मूठही टाकू नका. नुसता स्क्रू आवळून बघा. मूठ खरंच तुटली असेल तर भांड्यांच्या दुकानात सुटी मिळते. माझा कुकर 1991 चा आहे, त्याला ही दुसरीच मूठ आहे.

बॅकेलाइट ओळखायचं कसं, असा प्रश्न वर्गीकरण करणाऱ्या ताईंना पडणारच. सुई चिमट्यात धरून तापवायची आणि वस्तूच्या आतल्या बाजूला टेकवायची. बादलीच्या प्लास्टिकमध्ये ती लोण्यात गेल्यासारखी शिरते. बॅकेलाइटमध्ये शिरत नाही, नुसता कार्बोलिकचा वास येतो. आठ-दहा वस्तूंवर करून पाहिलं की मग सुईचीही गरज लागत नाही, वजनावरून आणि नखाने वाजवल्यावर येणाऱ्या टणक आवाजावरून कळतं. हे लिहून समजावण्यापेक्षा हातात देऊन दाखवणं सोपं. आमच्या भागातल्या केंद्रावर कोणी बोलावलं तर मी येऊन दाखवीन, मुठी आणि सुई माझ्याच घेऊन येईन. मंगळवारी नातीला शाळेतून आणायचं असतं, तो वार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी चालेल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रेस ऑपरेटर
भोसरी, पुणे